थालिया एक नव्हे, दोन

हातात हसरा मुखवटा घेतलेल्या थालियाचं चित्र दाखवून ‘ही ग्रीकांची सण-मेजवान्यांची देवी’ असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. मुखवटेवाली थालिया नऊ म्यूझांपैकी (म्यूझ म्हणजे कला-विद्यांच्या देवी), विनोदी नाटकाची. तिची आई नेमोसिनी. उत्सवाची थालिया वेगळी: ती तीन ग्रेसेसपैकी (ग्रेसेस म्हणजे सौंदर्य-लावण्याच्या देवी) एक, आई युरिनोमी. बाप मात्र दोघींचा एकच, देवांचा राजा झ्यूस (त्याच्या गोतावळ्याबद्दल न बोललेलंच बरं!). प्राचीन ग्रीक कवी हेसियडच्या ‘थिऑगनी’ या देवांच्या वंशावळीच्या काव्यात दोघी वेगवेगळ्या येतात, ग्रीकमध्ये नावांचं स्पेलिंगही जरा निराळं आहे. लॅटिनमध्ये दोन्ही नावं सारखीच उतरली आणि घोळ झाला. उत्सववाली बघायची असेल तर एकमेकींच्या खांद्यावर हात टाकलेल्या तिघींचं शिल्प शोधा, मधली पाठमोरी असलेलं. त्या तिघींतली एक ती.