जुनं साल म्हणजे पहिली आवृत्ती? नव्हे!

फोर्टच्या पदपथावर चित्रमय बालगीतांचं पुस्तक हाती लागतं, आत १९५५ साल दिसतं आणि ‘पहिली आवृत्ती’ म्हणून भाव चढतो. हा समज चुकीचा. ते साल पुष्कळदा कॉपीराइटचं असतं. पुनर्मुद्रणातही तेच राहतं.

शीर्षकपानाची मागची बाजू वाचाच, पण तिथे थांबू नका. किंमत बघा: दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली, तेव्हा ‘नवे पैसे’ छापलेली प्रत १९५५ची कशी असेल? प्रकाशकाच्या पत्त्यात ‘मुंबई २८’सारख्या टपाल विभागाऐवजी सहा आकडी पिन कोड असेल, तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ किंवा त्यानंतरची. छापील मजकूरच धरा. किमतीची चिकटपट्टी किंवा रबरी शिक्का नंतरचा असू शकतो. साल शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९.

मुलांच्या हातची पुस्तकं ही, चित्रांची पानं हमखास फाटतात. मधोमध पिना मारलेल्या पुस्तकात मुखपृष्ठ वगळून पानांच्या बाजू चारच्या पटीत हव्यात. पिना चकचकीत आणि भोवती जुन्या गंजाचे डाग दिसले, तर पुस्तक उसवून पुन्हा बांधलंय. एखाद्या वेळी दोन आवृत्त्यांची पानं जोडूनसुद्धा. कागदाचा रंग पानागणिक ताडून पाहा. आणि पिवळेपणा? मुंबईच्या दमट हवेत तो वयाचा पुरावा मुळीच नाही.