डॅशबोर्डमागचा ईसीयू: जागा, ऊन आणि अर्थिंगची तार

बाजारातून आणलेला ईसीयू, म्हणजे गाडीतल्या मूळ कॉम्प्युटरच्या जागी बसवायचा इंजिनाचा कॉम्प्युटर, हातात घेतला तर फार मोठा वाटत नाही. १५-१६ सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद, ४-५ सेंटिमीटर जाड असा अॅल्युमिनियमचा डबा. छोट्या हॅचबॅकचा ग्लव्ह बॉक्स काढून आत टॉर्च मारली की एवढी पोकळी कुठे ना कुठे दिसतेच. मिस्त्री टेप लावतो, डबा सरकवून बघतो, डबा बसतो, आणि काम झालं असं सगळ्यांना वाटतं. पण मापलेला असतो तो नुसता डबा. त्याच्या तोंडाला लागणारे कपलर (तारा जोडायचे प्लग), कपलरमधून निघणाऱ्या तारांच्या जुडीला वळायला लागणारी जागा, आतली उष्णता बाहेर जायला लागणारी हवा, यातलं काहीच त्या मापात नसतं. माझं म्हणणं असं की नवा ईसीयू नीट चालणार की महिन्या-दोन महिन्यांत त्रास देणार, हे बरंचसं इथेच ठरतं. लॅपटॉपवर मॅप, म्हणजे किती पेट्रोल आणि कधी ठिणगी याचा तक्ता, कितीही मन लावून बनवला तरी इथली चूक तो झाकू शकत नाही. मराठवाड्यातल्या उन्हात तर नाहीच.

डब्याचं काम काय, ते आधी पाहू. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. ईसीयू मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि क्रँकचा (इंजिनाच्या फिरत्या दांड्याचा) वेग वाचतो, सिलिंडरमध्ये किती हवा गेली असेल याचा हिशेब करतो आणि तेवढ्याच पेट्रोलपुरता ते फवारणारा इंजेक्टर उघडा ठेवतो. आयडलिंगला हा वेळ २-३ मिलिसेकंदांचा असतो. ठिणगी कधी टाकायची हेही तोच ठरवतो. इंजिन ६,००० आरपीएमवर असताना क्रँकचा एक फेरा १० मिलिसेकंदांत संपतो, म्हणजे १ अंशाला सुमारे २८ मायक्रोसेकंद मिळतात. क्रँक नेमका कुठे आहे हे कळायला त्याच्यावर दाते असलेलं चाक असतं. ६० दात्यांची जागा आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले, ही रचना फार प्रचलित आहे. दर ६ अंशांना एक दाता, आणि मोकळी जागा आली की फेरा कुठून मोजायचा ते समजलं. चुंबकीय सेन्सर प्रत्येक दात्याला एक हेलकावा पाठवतो. सेल्फ मारताना क्रँक हळू फिरतो तेव्हा हा हेलकावा १ व्होल्टच्याही खाली असतो, आणि इंजिन वेगात आलं की तोच कित्येक व्होल्टपर्यंत चढतो.

पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एकाच डब्याने सांभाळायची सुरुवात १९७९ साली बॉशच्या मोट्रॉनिकने झाली, बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत. आपल्याकडे २००० साली प्रदूषणाचे नियम कडक झाले, आणि त्या सुमारास मारुती ८०० सारख्या घरोघरच्या गाडीतही कार्ब्युरेटरच्या जागी एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर, आलं. २००१ मध्ये ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकनांनी मेगास्क्वर्ट नावाचा ईसीयू काढला. हौशी माणसाने सुटे भाग आणून स्वतः सोल्डर करायचा, असा तो होता. पुढे आर्डुइनो मेगा या शिकाऊ बोर्डावर चालणारा स्पीडुइनो आला, त्याचं डिझाइन तर सगळ्यांना खुलं आहे. आज फॉर्म्युला स्टुडंटसारख्या स्पर्धेसाठी मोटरसायकलचं इंजिन लावून गाडी बांधणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना आणि ट्रॅकवरच्या स्पर्धेसाठी जुनी गाडी तयार करणाऱ्यांना असे डबे लागतात. वाळूज आणि शेंद्र्यात गाड्यांचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने असल्यामुळे छत्रपती संभाजीनगरला या कामाचा हात असलेली माणसंही आहेत. मात्र रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत हा उद्योग करू नये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि मॅप बिघडला तर धुराचं प्रमाणही बिघडतं. नव्या गाड्यांत तर मूळ ईसीयू कॅन बसच्या (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या) दोन पिळलेल्या तारांवरून ब्रेकच्या एबीएसशी, मीटरशी आणि किल्लीतल्या चिपशी सतत बोलत असतो. तो काढला की ही सगळी मंडळी गप्प होतात. पुढचं सगळं स्पर्धेच्या आणि शिकण्याच्या गाडीसाठी लिहिलेलं आहे.

आता जागा. बोनेटखाली भरपूर जागा असताना डॅशबोर्डमध्ये कोंबाकोंबी कशाला, असा प्रश्न येतो. कंपनीचे जे ईसीयू बोनेटखाली असतात ते पाणी आणि धूळ आत जाणार नाही असे बंद केलेले असतात, त्यांचे भाग तिथली उष्णता सोसतील असे निवडलेले असतात. स्वस्तातला बाजारू डबा तसा नसतो. त्याला केबिनमध्येच घ्यावं लागतं, आणि आपल्या गाड्यांना स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे मोकळी जागा बहुतेक वेळा डावीकडे, ग्लव्ह बॉक्सच्या मागे मिळते.

त्या पोकळीत नीट डोकावून बघा. मधोमध एसीचा प्लास्टिकचा मोठा बॉक्स, त्यात कूलिंग कॉइल. त्याला चिकटून डावीकडे ब्लोअर. वर आडवा लोखंडी पाइप, ज्यावर अख्खा डॅशबोर्ड टांगलेला असतो. एअरबॅगची गाडी असेल तर ग्लव्ह बॉक्सच्या वर प्रवाशाची एअरबॅग, तिच्या तारा आणि कपलर बहुधा पिवळे. एअरबॅग सुमारे ३० मिलिसेकंदांत फुगते. तिच्या वाटेत किंवा तिच्या पट्टीला डबा, क्लॅम्प, स्क्रू काहीही लावायचं नाही. पिवळ्या कपलरला हात लावण्याआधी बॅटरी काढायची आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबायचं. यात तडजोड नाही.

उरते ती जागा ब्लोअरच्या खाली आणि प्रवाशाच्या डाव्या पायाजवळच्या पॅनेलमागे. तिथे डब्याची १६ सेंटिमीटर लांबी बसते, पण कपलर ३-४ सेंटिमीटर बाहेर येतो आणि त्यामागे ४०-५० तारांची जुडी. जुडीला तिच्या जाडीच्या निदान चौपट त्रिज्येचं वळण द्यावं असा साधा नियम आहे. २ सेंटिमीटर जाडीच्या जुडीला ८ सेंटिमीटर. म्हणजे १६ सेंटिमीटरच्या डब्याला खरी जागा २७-२८ सेंटिमीटर लागली. ती नसेल तर जुडी कपलरपाशीच काटकोनात मुडपली जाते, कडेच्या पिनांवर ताण येतो, आणि एखादी पिन अर्धा मिलिमीटर मागे सरकते. मल्टिमीटर लावला तर सगळं ठीक दाखवतो, गाडी खड्ड्यात आदळली की इंजिन एक क्षण बंद. हा लूज कॉन्टॅक्ट शोधण्यात लोकांचे आठवडे गेलेले मी पाहिले आहेत. त्यापेक्षा पुठ्ठ्याचा डबा करावा, कपलर आणि वळणासकट पूर्ण मापाचा, आणि आधी तो आत बसवून बघावा. ग्लव्ह बॉक्स लागतो का, ब्लोअर काढता येतो का, लॅपटॉपची यूएसबी केबल डॅशबोर्ड न खोलता लावता येईल का, हे पुठ्ठाच सांगतो.

कपलरचं तोंड खाली किंवा आडवं ठेवावं, वर कधीही नाही. आणि जुडी डब्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकतं. डॅशबोर्डमध्ये पाणी कुठून येणार? कूलिंग कॉइलवरून. कॉइलवर जमणारं पाणी एका बारीक नळीने गाडीखाली जातं, आणि ती नळी धुळीने चोंदली की पाणी डावीकडच्या कार्पेटवर उतरतं. काळ्या मातीची बारीक धूळ आणि कॉइलचा ओलावा एकत्र आले की त्या नळीत चिखलाचा बूच बसतो. म्हणून डबा थेट जमिनीवर नको, चार बोटं तरी वर हवा.

उष्णतेचा हिशेब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. परभणी, नांदेड, बीडकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जातो. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीची केबिन ६० अंशांकडे सरकते आणि काचेखालचा डॅशबोर्डचा वरचा भाग ७० अंशांच्या आसपास तापतो. आता डब्याची स्वतःची उष्णता त्यात मिळवा. चार्जिंगच्या १४ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा साधा रेग्युलेटर ०.३ अँपिअरला (१४ − ५) × ०.३ म्हणजे २.७ वॅट नुसती उष्णता टाकतो, इंजेक्टर चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरची वेगळीच. आर्डुइनो मेगावरची एटीमेगा २५६० ही चिप ८५ अंशांपर्यंतच चालेल अशी हमी असते. मोटारीसाठी खास बनवलेल्या चिपांमध्ये १२५ अंशांची प्रत मिळते. म्हणजे डॅशबोर्डच्या वरच्या पोटात स्वस्त बोर्ड ठेवला तर दुपारी गाडी सुरू करतानाच तो मर्यादेच्या १०-१५ अंश खाली उभा असतो. इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरचा नियम आणखी बोलका आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. १०५ अंशांना २,००० तास टिकणारा कॅपॅसिटर ७५ अंशांना १६,००० तास टिकेल आणि ८५ अंशांना ८,०००. डबा काचेखालून काढून ग्लव्ह बॉक्सच्या खालच्या बाजूला नेला एवढ्यानेच काही वर्षं पदरात पडू शकतात. अॅल्युमिनियमची पाठ गाडीच्या पत्र्याकडे, मध्ये बोटभर फट, आणि डबा फोममध्ये गुंडाळायचा नाही. धक्के बसू नयेत म्हणून फोम भरणारे उष्णता आत कोंडतात. धक्क्यांसाठी रबरी बुश वापरावेत.

तारा जोडणं हाही उष्णतेचाच विषय आहे. दोन तारा पिळून वर काळी टेप हा रिवाज मे महिन्यात टिकत नाही, टेपचा चिकटा पातळ होतो आणि टेप सुटते. सोल्डर दिसायला भक्कम, पण ते तारेच्या केसांमधून आत चढतं आणि तेवढा तुकडा कडक होतो. कडक भाग जिथे संपतो नेमक्या तिथे प्रत्येक हादऱ्याला तार वाकते आणि काही महिन्यांनी तुटते. योग्य मापाच्या हत्याराने क्रिंप केलेली, म्हणजे तारेवर दाबून बसवलेली पिन आणि त्यावर आतून गोंद असलेली, तापवली की आक्रसणारी हीटश्रिंक स्लीव्ह, हेच खरं.

आणि अर्थ, म्हणजे प्रवाहाची परतीची वाट. डॅशबोर्डमध्ये जागा कमी, म्हणून ईसीयूच्या सगळ्या अर्थ तारा एकत्र करून जवळच्या एखाद्या बोल्टखाली दाबण्याचा मोह होतो. यात काय होतं ते आकड्यांतच बघू. समजा इंजेक्टरचा मिळून ५ अँपिअर प्रवाह त्या तारेतून परत जातो आणि रंगलेल्या पत्र्यामुळे तिथे ०.०२ ओहम रोध आहे. ५ × ०.०२ म्हणजे ०.१ व्होल्ट. ईसीयूचा शून्य आता इंजिनाच्या शून्यापेक्षा ०.१ व्होल्ट वर गेला. दाबाच्या सेन्सरची अर्थ इंजिनाकडे असेल तर त्याचं वाचन तेवढंच कमी दिसणार. ४ व्होल्टमध्ये १०० किलोपास्कल मोजणाऱ्या सेन्सरवर ०.१ व्होल्ट म्हणजे २.५ किलोपास्कल. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये दाब ३५ किलोपास्कलच्या आसपास असतो, त्यात ही चूक सुमारे ७ टक्के. तेवढं पेट्रोल कमी पडतं. ही चूक प्रवाहाबरोबर कमी-जास्त होत राहते, त्यामुळे मॅपमध्ये आकडे वाढवून ती कायमची भरून काढता येत नाही. उपाय सोपा आहे. ईसीयूच्या जाड अर्थ तारा फायरवॉलमधून (केबिन आणि इंजिन यांच्यामधल्या पत्र्यातून) नेऊन थेट इंजिन ब्लॉकवर, घासून चकचकीत केलेल्या एकाच बोल्टखाली घ्याव्यात. सेन्सरच्या अर्थ तारा मात्र ईसीयूच्या त्यांच्या स्वतःच्या पिनवर, वाटेत दुसरीकडे कुठेही न टेकवता. क्रँक सेन्सरची तार जाळीची हवी, जाळीचं एकच टोक ईसीयूकडे अर्थ केलेलं, आणि ती इग्निशन कॉइलच्या तारांपासून दूर, वेगळ्या वाटेने. कॉइल २०-३० हजार व्होल्ट उडवते आणि सेल्फच्या वेळी क्रँक सेन्सर १ व्होल्टही देत नाही, हे लक्षात घेतलं की कारण वेगळं सांगावं लागत नाही.

काही डब्यांत दाबाचा सेन्सर आतच असतो, तेव्हा मॅनिफोल्डपासून व्हॅक्युमची नळी डॅशबोर्डपर्यंत आणावी लागते. ती कुठे चेपली जाऊ नये आणि डब्याकडे जाताना सतत चढती असावी, म्हणजे आत जमलेला पेट्रोलचा ओलावा परत इंजिनाकडे उतरतो. हा सेन्सर आणि हवेच्या तापमानाचा सेन्सर खरं बोलले पाहिजेत, कारण आपल्याकडे हवाच फार बदलते. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून ५५० मीटरहून जास्त उंचीवर आहे. तिथे ४२ अंशांच्या दुपारी हवेची घनता समुद्रकाठच्या १५ अंशांच्या प्रमाणित हवेपेक्षा १४ टक्क्यांहून जास्त कमी भरते. डिसेंबरात पहाटे पारा १० अंशांवर आला की तीच हवा दुपारच्या त्या हवेपेक्षा ११ टक्के दाट होते.

बसवून झाल्यावर तपासणीसाठी मे महिन्याची दुपार वापरून घ्यावी. काचा लावून गाडी दोन-तीन तास उन्हात सोडावी आणि मग तशीच सुरू करावी. हे ईसीयू नोंद ठेवतात, आणि त्यात क्रँकचा ठोका किती वेळा चुकला याची मोजणी असते. इंजिन चालू ठेवून जुडी हाताने हलवायची, ब्लोअर आणि दिवे लावायचे, आणि मोजणीवर नजर ठेवायची. आकडा शून्यावरून हलला तर मॅप उघडायचा नाही. आधी क्रँक सेन्सरचा कपलर, मग त्याची जाळी, मग मल्टिमीटरचं एक टोक ईसीयूच्या अर्थ पिनवर आणि दुसरं इंजिन ब्लॉकवर. तिथे ५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसले तर बोल्ट पुन्हा खोलून पत्रा घासायचा.