सव्वा महिना, सहा आठवडे आणि नऊ रात्री

गेल्या नवरात्रात माझी मावसबहीण पाच महिन्यांचं बाळ आईजवळ ठेवून गरब्याला गेली. शाळेत असताना खो-खो खेळलेली, बडोद्यातच वाढलेली. नऊ रात्री घरी बसणं तिला कसं जमणार? पण अर्ध्या तासात परत आली. उडी मारली की लघवी सुटत होती. चणियाचोळी बदलताना तिने हळूच सांगितलं, तर मावशी म्हणाली, "अगं, होतं तसं. मला तर अजून शिंकायची भीती वाटते." विषय तिथेच मिटला.

हे "होतं तसं" जुनं आहे. बाळंतिणीला तूप-तेल पाजावं, अंगाला लावावं आणि पोट मोठ्या कापडाने गुंडाळावं, असं चरकसंहितेत सांगितलंय. बडोद्याच्या मराठी घरांत ते पुढेही चालत आलं: बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, मालिशवाली बाई, पोटपट्टा, डिंकाचे लाडू, शेजारच्या गुजराती काकूंकडून काटलुं, म्हणजे बाळंतिणीसाठीचा मसाल्यांचा गोड पदार्थ. आणि सव्वा महिना बाहेर पडायचं नाही. त्याला नावं ठेवायला माझी जीभ धजत नाही, कारण एरवी बाईला सलग चाळीस दिवस पडून राहू देतो कोण? पण सगळी काळजी पोटाची. पोटाच्या खाली जे असतं त्याचं नाव फक्त "मायांग बाहेर आलं", म्हणजे गर्भाशय खाली सरकलं, असं म्हणताना निघायचं, तेही दार लोटून.

खाली असतो तो स्नायूंचा झोळा. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत ताणलेला. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय त्याच्यावर पेललेले. बाळ बाहेर येताना यातला सर्वांत आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो, असं 2004 मध्ये संगणकी प्रतिकृतीवरून दाखवलं गेलं. सिझेरियन झालं म्हणून सुटका नाही, नऊ महिन्यांचा भार या झोळ्याने तेव्हाही वाहिलेला असतो. आणि धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त जोर जमिनीकडून वर येतो. गरब्यात त्यावर गिरकी.

हे स्नायू आवळायची कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. हठयोगप्रदीपिकेत मूलबंध आहेच. व्यायामाच्या बाबतीत तर बडोदं मागे कधीच नव्हतं: प्रोफेसर माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर इथलं, मुजुमदारांचा दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश इथला, हुतुतूचे नियम सुधारून 1923 मध्ये अखिल भारतीय स्पर्धा भरली तीही इथेच. पण आखाडा पुरुषांचा आणि बाळंतिणीची खोली बायकांची. मधला उंबरठा मूलबंधाने ओलांडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

लंडनमध्ये तो एका नर्तकीने ओलांडला. मार्गारेट मॉरिसने 1936 मध्ये बाळंतपणानंतरच्या व्यायामांत हे स्नायू आवळणं-सोडणं आणलं. मग अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल. याच व्यायामावरचा त्यांचा गाजलेला लेख ऑगस्ट 1948 चा. गंमत अशी की त्याच महिन्यात लंडन ऑलिंपिकमध्ये दोन मुलांची आई असलेली तीस वर्षांची डच धावपटू फॅनी ब्लँकर्स-कोएन चार सुवर्णपदकं जिंकत होती आणि वर्तमानपत्रं तिला "उडती गृहिणी" म्हणत होती. केगेल यांनी दाब मोजणारं एक उपकरण बनवलं होतं, कारण नुसतं तोंडी सांगून अनेकींना नेमका स्नायू सापडतच नाही. पोट किंवा मांड्या आवळल्या जातात, काही जणी तर उलट खाली जोर देतात. पुढे केगेलचं नाव जगभर गेलं, मोजणं मागे राहिलं. आज दवाखान्यात मिळतो तो केगेल व्यायामाचा कागद: "दिवसातून तीनदा करा." बरोबर होतंय का, हे तपासायला कोण बसलंय?

खेळाकडे परतण्याबद्दल वैद्यकशास्त्र तर आणखी बिचकत होतं. गरोदरपणी नाडी मिनिटाला 140 च्या वर जाऊ देऊ नका, असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1985 मध्ये सांगितलं; ती मर्यादा 1994 मध्ये काढली. प्रसूतीनंतरची तपासणी सहाव्या आठवड्यात. म्हणजे बेचाळीस दिवस, जवळपास आपला सव्वा महिनाच! दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच: बाई घरच्या कामाला लागू शकते का? धावू शकते का, हे विचारलंच नव्हतं. मेरी कोमला 2007 मध्ये जुळी झाली आणि 2008 मध्ये ती पुन्हा जगज्जेती झाली. आपण जिद्दीचं कौतुक केलं आणि पुढे गेलो.

मार्च 2019 मध्ये ब्रिटनमधल्या तीन तज्ज्ञांनी प्रसूतीनंतर धावण्याबद्दल मार्गदर्शिका काढली. बारा आठवड्यांआधी धावणं नको. आणि नंतरही नुसती तारीख पाहून नाही. तीस मिनिटं चालून बघा, एका पायावर दहा सेकंद उभं राहा, एका पायावर दहा उड्या मारा. थेंब सुटला, खाली जड वाटलं किंवा दुखलं, तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टकडे जा.

मावसबहीण गेली, उशिरा का होईना. पहिल्याच भेटीत कळलं की इतके महिने ती पोटच आवळत होती. आता संध्याकाळी बाळ झोपलं की ओट्यावर येते, भिंतीला एक बोट टेकवते आणि उजव्या पायावर उड्या मोजते. परवा सातवर थांबली. "आत ये, लोक बघतील," मावशी दारातून म्हणाली. तिने पाय बदलला आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.