पेशवे दफ्तर ते पुराभिलेख भवन: जागेच्या वादामागची पार्श्वभूमी

राज्याच्या पुराभिलेखांसाठी, म्हणजे जुन्या सरकारी कागदांसाठी, मुंबईत वांद्रे परिसरात स्वतंत्र भवन बांधण्याचे सरकारने जाहीर केले आहे. कागदांसाठी नवी इमारत म्हटल्यावर खरे तर कोणी नाक मुरडायचे कारण नाही. तरी पुण्यात मोडी वाचणाऱ्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो एकच: पुण्यातल्या पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, जागेवर राहणार की हलणार? बाहेरच्याला हा मुंबई-पुण्याच्या नेहमीच्या कुरबुरीचा भाग वाटेल. पण या दफ्तराच्या किल्ल्या कोणाकडे, हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे.

पेशवाईतले हुजूर दफ्तर, म्हणजे मुख्य कचेरी, कसे चालत असे, हे इथे विस्ताराने सांगत नाही. रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही), प्रांत अजमास (प्रांताच्या जमाखर्चाचा अंदाज) अशी नावे कानावर आली तरी पुरे. लक्षात ठेवायचे ते इतकेच की हे मुख्यतः हिशेबाचे कागद आहेत. लढाया त्यांत आहेत, पण त्या खर्चाच्या बाजूला. 1818 मध्ये राज्य गेले आणि दफ्तर कंपनीच्या ताब्यात आले, तेव्हा नव्या सरकारला इतिहासात रस नव्हता. कोणाकडून किती सारा यायचा आणि कोणाला तो माफ आहे, एवढेच त्याला हवे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत साताऱ्याहून काढलेल्या जाहीरनाम्यात कंपनीचा दक्षिणचा कमिशनर एल्फिन्स्टन याने वतने आणि इनामे चालू ठेवण्याचे आश्वासन दिले होते. आश्वासन पाळायचे तर कोणाचे इनाम खरे हे कळायला हवे, आणि मोडायचे तरीही तेच कळायला हवे. दोन्हींसाठी कागद लागत होते.

1843 पासून दक्षिण मराठा मुलखात इनामांची चौकशी सुरू झाली. 1852 च्या अकराव्या कायद्याने तिला पूर्ण अधिकार मिळाले. हेच ते इनाम कमिशन. इनामदाराने सनद घेऊन यायचे आणि कारकुनाने ती दफ्तराशी ताडून पाहायची, अशी रीत होती. इनामदाराचा पुरावा त्याच्याच विरुद्ध उभ्या असलेल्या सरकारच्या कपाटात होता. हुजूर दफ्तराच्या जोडीला परगण्यांतल्या वतनदारांकडचे कागदही या काळात गोळा झाले. आज पुण्यात जो साठा आहे, त्याला आपण सरसकट ‘पेशवे दफ्तर’ म्हणतो. प्रत्यक्षात त्यात शाहू दफ्तर आहे, आंग्र्यांचे दफ्तर आहे, सातारकर महाराजांचे दफ्तर आहे, दक्षिणच्या कमिशनरच्या इंग्रजी फायली आहेत आणि इनाम कमिशनचे स्वतःचे भलेमोठे लिखाणही आहे. पेशव्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दफ्तराला आजचे रूप आले ते पेशव्यांना घालवणाऱ्यांच्या गरजेतून.

1857 नंतर सरकारने हात जरा आखडता घेतला. 1863 च्या दुसऱ्या आणि सातव्या कायद्यांनी ठोक तडजोडीचा मार्ग काढला. ठरावीक रक्कम भरा, इनाम कायम करून घ्या, चौकशी नको. या व्यवस्थेतून पुण्यातली कचेरी पक्की झाली आणि तिला नाव मिळाले ‘एलिएनेशन ऑफिस’.

या नावापाशी थांबायला हवे, कारण पुढचे बरेच गैरसमज तिथून निघाले. इंग्रजी महसुली भाषेत ‘एलिएनेटेड’ जमीन म्हणजे सरकारने जिच्या साऱ्यावरचा हक्क पूर्ण किंवा काही अंशी दुसऱ्याला देऊन टाकला आहे, अशी जमीन. 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात तशी व्याख्याच आहे. म्हणजे आपल्या साध्या शब्दात इनाम. पण इनाम या शब्दात देणाऱ्याचे औदार्य आहे, घेणाऱ्याची सेवा आहे, देवाचा दिवा आहे. ‘एलिएनेशन’मध्ये फक्त सरकारच्या हातून निसटलेला पैसा आहे. एकाच जमिनीकडे पाहण्याच्या या दोन नजरा, आणि कचेरीच्या पाटीवर दुसरी लागली. आजच्या कायद्याच्या मराठीत याला ‘अन्यसंक्रामण’ म्हणतात. तो शब्द ऐकून कोणाला आपल्या पणजोबांचे इनाम आठवणार नाही.

लोकांनी ती पाटी कधी वाचलीच नाही. त्यांच्यासाठी ते दफ्तरच राहिले. फारसी ‘दफ्तर’ मराठीत आले, तोंडात ‘दप्तर’ झाले आणि शेवटी शाळेच्या पोरांच्या पाठीवर जाऊन बसले. रुमालाचेही तसेच. तोंड पुसायचे कापड ते कागद बांधायचे चौकोनी कापड, आणि मग कापडापेक्षा आतल्या गठ्ठ्यालाच रुमाल म्हणू लागले. स्वातंत्र्यानंतर या सगळ्यावर ‘पुराभिलेख’ हा घडवलेला शब्द आला. शेजारीच ‘पुरातत्त्व’ हा दुसरा विभाग. दोन्ही सांस्कृतिक खात्यात, दोन्हींची सुरुवात ‘पुरा’ने. किल्ल्याच्या बुरुजाची तक्रार एकीकडे आणि फेरफाराची नक्कल दुसरीकडे, हा फरक सामान्य माणसाला कळेपर्यंत त्याची एक खेप फुकट जाते. नव्या इमारतीला ‘पुराभिलेख भवन’ म्हणण्याऐवजी ‘दफ्तर’ म्हटले असते तर पत्ता विचारणे तरी सोपे झाले असते.

पुण्यात कौन्सिल हॉलजवळची दफ्तराची दगडी इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. ती वाचकांसाठी बांधलीच नव्हती. इनाम आणि वतनाच्या दाव्यांत सरकारी उतारे देणारी ती कोठी होती. जुने कागद उघडे केले तर मिटलेले दावे पुन्हा उठतील, ही महसूल खात्याची भीती. राजकीय भीतीही होतीच. ज्या शहरात शिवजयंतीची मिरवणूक निघते, तिथे पानिपतच्या अस्सल पत्रांची गठडी सोडायला साहेब कचरला तर नवल नाही. एका रावबहादुरांनी रोजकिर्दीतून उतारे काढले, ते 1902 पासून पुढे नऊ भागांत छापले गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी त्या सामग्रीवर लिहिलेही. एवढीच खिडकी. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ उभी केली ती सरकारी दफ्तरावाचून, लोकांच्या माळ्यांवरून आणि कोनाड्यांतून. 1910 मध्ये पुण्यात निघालेले भारत इतिहास संशोधक मंडळही त्याच वाटेने गेले. वस्तुतः सर्वांत मोठा साठा त्यांच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता.

मग 1929 चा तो निर्णय. ऐतिहासिक कागदपत्रांसाठीचा अखिल भारतीय आयोग 1919 पासून काम करीत होता आणि त्यात बंगाली इतिहासकार जदुनाथ सरकार यांचा शब्द चालत असे. मुंबई सरकारने दफ्तर तपासून निवडक कागद छापायचे ठरवले आणि ते काम दिले बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या गोविंद सखाराम सरदेसायांना. सरदेसाई आणि जदुनाथ यांची मैत्री जगजाहीर होती. पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षे दार ठोठावले होते. दार उघडले तेव्हा आत गेले ते दुसरेच. एकाच माणसाने निवडायचे का, कशाच्या आधारे निवडायचे, निवडले नाही ते कोण पाहणार, या प्रश्नांवर बरीच शाई सांडली. त्यातली काही निव्वळ मत्सराची होती, हे मान्य करायला हवे.

सरदेसायांनी काम मात्र झपाट्याने उरकले. मोजके सहायक घेऊन सुमारे पस्तीस हजार रुमालांमधून वाट काढत 1930 ते 1934 या काळात 45 खंड छापून बाहेर काढले. आपल्याकडे समित्यांचे प्रास्ताविक लिहून व्हायलाही इतकी वर्षे लागतात. ते खंड नसते तर अठराव्या शतकाबद्दल आज आपण जे बोलतो त्यातले निम्मे बोलताच आले नसते. तरीही टीकाकारांचा मूळ मुद्दा खोटा नव्हता. पहिला खंड उदगीरच्या लढाईचा, दुसरा पानिपतचा. लढाया, मसलती, कुटुंबातली भांडणे पुढे आली. ज्या हिशेबांनी दफ्तर भरले होते, ते प्रांत अजमास, जकातीचे कागद, गावोगावचे जमाखर्च मागे राहिले. इनाम कमिशनने दफ्तराकडे साऱ्यासाठी पाहिले, सरदेसायांनी राजकारणासाठी. दुष्काळात कुठल्या गावाला किती सूट मिळाली, हे विचारणारा वाचक अजून जन्माला यायचा होता. तो आला तेव्हा त्याच्या हाती 45 खंड होते आणि त्यांत त्याचा प्रश्न नव्हता.

स्वातंत्र्यानंतर कचेरीचे मूळ कामच संपत गेले. 1950 मध्ये परगणा व कुलकर्णी वतने, मग वैयक्तिक इनामे, 1958 मध्ये कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द झाली. देवस्थान इनामांचे वाद तेवढे उरले. त्याच सुमारास मोडीही शाळांतून हद्दपार झाली. म्हणजे कागद खुले झाले आणि ते वाचणारे संपत आले, असा योग जुळला. मोडीत शब्द तोडत नाहीत, आधी रेघ ओढून तिच्याखाली बोरू न उचलता लिहीत जातात. अक्षर लागले तरी तारीख लागेलच असे नाही. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे त्या काळच्या सुहूर कालगणनेतले साल 1161, म्हणजे 1760 च्या मृगापासून पुढचे वर्ष. पानिपत याच सालात. हे हिशेब डोक्यात असलेला कारकून पूर्वी प्रत्येक कचेरीत असे.

मुंबईची कथा वेगळी आहे आणि इथे थोडक्यात. तिथले रेकॉर्ड ऑफिस 1821 चे, एल्फिन्स्टन गव्हर्नर असतानाचे. सुरतेच्या वखारीच्या रोजनिश्यांपासून सचिवालयाच्या फायलींपर्यंतचा तो साठा काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. ती इमारत मुळात सरकारी छापखान्यासाठी योजलेली होती. परिसर 2018 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, त्यामुळे भिंतीला खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते. समुद्र हाकेच्या अंतरावर, पावसाळ्यात हवा ओलीचिंब. कागद दमट होतो, कसर लागते, वाळवी येते. त्यातही गंमत अशी की जुने मोडी कागद जास्त टिकाऊ आहेत. चिंध्यांपासून हाताने केलेला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद आणि काजळाची शाई दोनशे वर्षे काढतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा लाकडाच्या लगद्याचा गिरणी कागद मात्र पिवळा पडून बोटात तुटतो, आणि त्याआधीची विलायती लोहयुक्त शाई कागद खाते. नव्या भवनाची खरी गरज पेशव्यांपेक्षा इंग्रज सरकारच्या फायलींना आहे.

गेल्या काही वर्षांत विषय तापला तो वेगळ्याच कारणांनी. 1993 मध्ये केंद्राचा आणि 2005 मध्ये राज्याचा सार्वजनिक अभिलेख कायदा झाला, पण कायद्याचे कलम आणि तहसील कचेरीचा अभिलेख कक्ष यांची क्वचितच गाठ पडते. जिल्ह्याचा खरा दस्तऐवज तिथे आहे: कोणता कागद किती काळ जपायचा (अ वर्ग कायम, ब तीस वर्षे, ड एक वर्ष), या हिशेबाने बांधलेल्या गठ्ठ्यांत. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली, माणसे गेली, फायलींची राख झाली. त्यानंतर ‘डिजिटायझेशन’ हा शब्द प्रत्येक भाषणात आला. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली, आणि गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या ज्या कोतवाल बुकांकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते ती रातोरात मौल्यवान ठरली. मोडी वाचकांची शोधाशोध सुरू झाली. मराठवाड्याच्या नोंदींसाठी समितीला हैदराबादपर्यंत जावे लागले, कारण राज्ये बदलली तरी कागद जुन्या राजधानीतच राहिले होते. पुन्हा तेच: पुरावा मागणारा सामान्य माणूस आणि पुरावा सरकारच्या कपाटात. फरक एवढाच की 1852 मध्ये सरकार जप्तीसाठी शोधत होते, आता दाखल्यासाठी.

या पार्श्वभूमीवर वांद्र्याच्या भवनाकडे पाहावे लागते. काळा घोड्याचा साठा हलवायलाच हवा, यावर दुमत असायचे कारण नाही. तापमान आणि आर्द्रता स्थिर ठेवणारी दालने, कागदांचे वजन पेलणारे मजले, दुरुस्तीची कार्यशाळा, वाचकाला बसायला उजेडाची जागा, हे सगळे जुन्या वास्तूत होणे कठीण. पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या साठ्यांचे काय, इथे मात्र अस्पष्टता सुरू होते. सगळे एका छताखाली आणावे, असे प्रशासनाला वाटणे स्वाभाविक आहे. एक आग, एक पूर आणि सगळेच गेले, ही दुसरी बाजू मंत्रालयाच्या आगीनंतर कोणाला समजावून सांगायला नको. शिवाय पुण्याचा रुमाल पुण्यात वाचणारी थोडीफार माणसे अजून आहेत. मुंबईला रुमाल जाईल, माणसे जाणार नाहीत.

आणि रुमाल न्यायचेच ठरले तर आधी ते मोजावे लागतील. सरदेसायांच्या वेळचा आकडा पस्तीस हजारांच्या आसपास होता. अलीकडे एकोणचाळीस हजार ऐकू येतो. त्यात इंग्रजी फायली धरल्या की नाही, हे सांगणाऱ्यागणिक बदलते.