चिकणमातीच्या पापुद्र्यांत अडकलेले नत्र

अमोनियम हे मातीतल्या नत्राचे एक रूप. ते मोजायचे तर नमुना पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात घुसळतात. कणांना वरवर चिकटलेले अमोनियम पोटॅशियमला जागा देऊन द्रावणात उतरते. पण काही अमोनियम कितीही घुसळले तरी हलत नाही. ते खनिजाच्या आत बसलेले असते.

इलाइट आणि व्हर्मिक्युलाइट ही खनिजे पापुद्र्यांची बनलेली असतात. पापुद्र्यांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनच्या अणूंच्या षटकोनी कड्यांत छोटे खळगे असतात. अमोनियमचा आयन, म्हणजे विद्युतभारित कण, त्यात जणू मापाने बसतो. पोटॅशियमचाही बसतो, कारण दोघांचा आकार जवळपास सारखाच. आयन आत शिरला की ऋणभारित पापुद्रे त्याच्याकडे ओढले जातात आणि फट मिटते.

हे नत्र मोजायचे तर खनिजच फोडावे लागते. पण तसेच फोडले, तर सेंद्रिय पदार्थांतले आणि वरवरचे नत्रही हिशेबात मिसळण्याचा धोका. 1966 मध्ये सिल्व्हा आणि ब्रेम्नर या मृदाशास्त्रज्ञांनी यावर पद्धत मांडली. आधी माती अल्कधर्मी पोटॅशियम हायपोब्रोमाइटमध्ये उकळायची. त्यात सेंद्रिय नत्राचे आणि सुट्या अमोनियमचे ऑक्सिडीकरण होते व बहुतांश नत्र वायुरूपात निघून जाते.

मला या पद्धतीतली सर्वात सुंदर गोष्ट वाटते ती पोटॅशियमची निवड. तिथे सोडियम वापरले असते, तर त्याचे पाण्याने वेढलेले मोठे आयन पापुद्र्यांमध्ये शिरून फट रुंदावू शकले असते आणि मोजायचे तेच अमोनियम निसटले असते. पोटॅशियम मात्र पापुद्रे मिटलेलेच ठेवते. बाहेरची झाडलोट होते, दार बंदच राहते. म्हणूनच धुण्यासाठीही पोटॅशियम क्लोराईडच.

उरलेली माती मग हायड्रोफ्लोरिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात 24 तास हलवत ठेवतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल सिलिकेटची चौकटच मोडते. ते काचही विरघळवते, म्हणून बाटल्या प्लास्टिकच्या. त्वचेवर पडले तर वेदना उशिरा जाणवू शकते, तोवर ते खोल शिरलेले असते. त्यावरचा उतारा असलेले कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवल्याशिवाय या कामाला लागूच नये. सुटलेले अमोनियम अल्क घालून वाफेच्या ऊर्ध्वपातनाने अमोनियाच्या रूपात बोरिक आम्लात गोळा करतात आणि अनुमापनाने मोजतात. पहिल्या पायरीत थोडे सेंद्रिय नत्र मागे राहिले, तर मात्र आकडा फुगतो.

एवढा खटाटोप कशासाठी? खोल थरांत सेंद्रिय कार्बन कमी होत जातो, पण अडकलेले अमोनियम त्या प्रमाणात घटत नाही. त्यामुळे कार्बन-नत्र गुणोत्तर खाली येते आणि तिथला सेंद्रिय पदार्थ नत्राने समृद्ध असल्याचा भास होतो. खतातून दिलेले अमोनियमही असेच पापुद्र्यांत जाते आणि ‘वाया गेले’ असे नोंदले जाते. मुळांनी भोवतालचे पोटॅशियम आणि अमोनियम शोषले, की या अडकलेल्या अमोनियमपैकी काही हळूहळू बाहेर येते. जुने, खडकातूनच आलेले अमोनियम मात्र सहसा जागचे हलत नाही. या पद्धतीने मिळणारा आकडा दोन्हींची बेरीज असतो. त्यांची फोड करायची तर नायट्रोजन-15 या समस्थानिकाने खूण केलेले खत आधी मातीत घालावे लागते.