टाचेतला काटा आणि सकाळचं पहिलं पाऊल

गेल्या वर्षी माझ्या आईची सकाळ पलंगाच्या काठावर अडायची. पाय खाली सोडायचे, उजवी टाच फरशीला लावायची आणि "आई गं" म्हणत पुन्हा वर उचलायची. मग भिंतीला हात लावत, उजव्या चवड्यावर लंगडत ती मोरीपर्यंत जायची. चहाचं आधण ठेवेपर्यंत दुखणं निम्म्यावर आलेलं असायचं. दुपारी जरा आडवी होऊन उठली की पुन्हा तेच. संध्याकाळी ओट्यापाशी तासभर उभी राहिली की टाच ठणकायला लागायची.

एक्स-रे काढला. टाचेच्या हाडाखाली गुलाबाच्या काट्यासारखं एक टोक पुढे आलेलं दिसलं. "हाड वाढलंय" एवढं ऐकून आम्ही घरी आलो आणि आईने चालणंच सोडलं. ते टोक प्रत्येक पावलाला आत रुततंय, हे चित्र तिच्या मनात पक्कं बसलं होतं. आपल्याकडे टाच दुखणाऱ्या बहुतेकांच्या मनात हेच चित्र असतं. ते चुकीचं आहे. त्यापायी माणसं महिनोन्‌महिने घाबरून बसून राहतात, म्हणून ते आधी पुसायला हवं.

एक्स-रे पुन्हा नीट पाहिला तर एक गोष्ट लगेच कळते. काटा जमिनीच्या दिशेने रोखलेला नसतो. तो तळव्याला समांतर, बोटांच्या दिशेने वाढलेला असतो. म्हणजे उभं राहिल्यावर तो खिळ्यासारखा मांसात घुसायचा प्रश्नच येत नाही. दुसरी गोष्ट एक्स-रेत दिसत नाही, पण ती जास्त महत्त्वाची आहे. ज्यांची टाच आयुष्यात कधी दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या टाचेतही असा काटा सापडतो, आणि टाचेने हैराण झालेल्या कितीतरी लोकांच्या टाचेत तो नसतो. वय वाढतं, वजन वाढतं, तसा काटा असण्याचा संभव वाढतो. ओढ सोसणाऱ्या जागी हाड थोडं पुढे येतं, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ.

मग हा काटा गुन्हेगार ठरला कसा? क्ष-किरण १८९५ साली सापडले आणि थोड्याच वर्षांत टाचेखालचं ते टोक डॉक्टरांना दिसू लागलं. जे दिसतं त्यालाच पकडलं जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर काही डॉक्टरांनी या काट्याचा संबंध परमा या गुप्तरोगाच्या जंतूंशी जोडला होता. पुढे ती कल्पना मागे पडली, पण काट्यावरचा संशय काही गेला नाही.

खरं दुखणं बहुतेकदा एक्स-रेत न दिसणाऱ्या गोष्टीत असतं. ती हाताला मात्र लागते. खुर्चीवर बसा, एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि हाताने पायाचा अंगठा नडगीच्या दिशेने मागे ओढा. तळव्याच्या मधोमध, कमानीखाली, ताठ दोरीसारखं काहीतरी उठून येईल. दुसऱ्या हाताच्या बोटाने ते चाचपता येतं. हा प्लांटर फॅशिया, म्हणजे तळव्याखालचा चिवट पट्टा. टाचेच्या हाडाच्या तळाशी, आतल्या बाजूला तो सुरू होतो आणि पुढे पंख्यासारखा पसरत पाचही बोटांच्या मुळाशी जातो. एका पावलात २६ हाडं असतात. ती कमानीसारखी उभी ठेवायला बरेच स्नायू आणि अस्थिबंध कामाला लागतात, पण खालून ताण देऊन कमान धरून ठेवणारी मुख्य दोरी हीच.

या दोरीची खुबी १९५४ साली ब्रिटनमधल्या हिक्स या डॉक्टरांनी उलगडून दाखवली. विहिरीवरचा रहाट आठवा. रहाट फिरतो, दोर त्याच्यावर गुंडाळला जातो आणि खालची बादली वर येते. चालताना टाच उचलली जाते, तेव्हा बोटं मुळाशी वाकतात आणि हा फॅशिया बोटांच्या सांध्याभोवती तसाच गुंडाळला जातो. तो ताठ होतो, टाच आणि चवडा जवळ ओढले जातात, कमान उंचावते. क्षणापूर्वी मऊ, लवचीक असलेलं पाऊल जमिनीला रेटा द्यायला पुरेल इतकं घट्ट होतं. हे प्रत्येक पावलाला होतं, आणि तेही आपला सगळा भार त्या एका पायावर असताना. दिवसाला पाच-सहा हजार पावलं चालणाऱ्या माणसाच्या एकेका पायातला रहाट दोन-तीन हजार वेळा फिरतो.

दोर झिजतो तो जिथे बांधलेला असतो तिथे. फॅशियाचं तसंच आहे. टाचेच्या हाडाला तो जिथे चिकटतो तिथे ओढ सगळ्यात जास्त, आणि दुखतं तेही तिथेच. मी आईला म्हटलं, "नेमकं कुठे दुखतं तिथे बोट ठेव." तिने अंगठा टाचेच्या मधोमध ठेवला नाही. टाच संपून कमान सुरू होते तिथे, आतल्या अंगाला ठेवला आणि दाबताच चेहरा वाकडा केला.

आता सकाळच्या त्या पहिल्या पावलाकडे येऊ. झोपेत पावलं खाली झुकलेली असतात. पोटरीही आखडलेली, फॅशियाही सैल आणि आखूड. रात्रभर तो त्याच स्थितीत आवळून येतो. उठून पहिलं पाऊल टाकलं की त्या आखडलेल्या, आधीच झिजलेल्या जागेवर एकदम सगळं वजन येतं, म्हणून कळ. दहा-वीस पावलांत तो थोडा मोकळा होतो आणि कळ कमी होते. दिवसभर भार साचत गेला की संध्याकाळी ठणका. उठल्यावर पहिली पावलं सगळ्यात वाईट आणि चालल्यावर बरं, ही या दुखण्याची सही आहे. एवढं ऐकलं आणि ती जागा दाबून पाहिली की जाणकार डॉक्टर बहुतेकदा एक्स-रेशिवाय निदान करतात. सोनोग्राफीत हा पट्टा टाचेपाशी चार मिलिमीटरपेक्षा जाड झालेला दिसतो.

याचं रूढ नाव प्लांटर फॅशिआयटिस. 'आयटिस' म्हणजे दाह, सूज. पण शस्त्रक्रियेत काढलेले फॅशियाचे ५० नमुने तपासून २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात दाहाच्या खुणा सापडल्या नाहीत. सापडले ते विस्कटलेले, झिजलेले धागे. दोरीचे पीळ सुटावेत आणि शरीराने ते घाईघाईने, वेडेवाकडे पुन्हा वळावेत, तसे. म्हणून आता पुष्कळ तज्ज्ञ याला दाहापेक्षा झिजेचा विकार मानतात. हा शब्दांचा खेळ नाही. दाह असेल तर तो शमवायला गोळी पुरते. झिजलेली दोरी पुन्हा पिळदार करायची असेल तर वेळ द्यावा लागतो आणि बेताचा भारही द्यावा लागतो. वेदनाशामक गोळीने चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा पहिले पाढे सुरू होतात, त्याचं कारण हेच.

हे कोणाला होतं? साधारण दहातल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी, आणि चाळिशी ते साठीत जास्त. वजन जास्त असणारे, दिवसभर कडक जमिनीवर उभं राहून काम करणारे, आणि एरवी न चालता एकदम खूप चालणारे. वारीचं उदाहरण घ्या. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. वर्षभर शेतात राबलेल्या पायांना ते पेलतं. पण कार्यालयात खुर्चीवर वर्ष काढलेला माणूस पहिल्याच उत्साहात पुण्याहून निघून दिवे घाट चढून सासवडला पोचतो, तेव्हा त्याच्या फॅशियाने इतका भार आधी कधी पाहिलेलाच नसतो. श्रद्धेला तयारीची जोड हवी. महिना-दोन महिने आधीपासून अंतर थोडं थोडं वाढवत नेलं तर पाय साथ देतात.

एका कारणाकडे मात्र आपलं लक्षच जात नाही, ते म्हणजे आखडलेली पोटरी. पोटरीचे स्नायू जाड कंडऱ्याने टाचेला मागून जोडलेले असतात. ते आखूड असले की घोटा पुरेसा वाकत नाही, टाच लवकर उचलली जाते आणि पुढचा ताण फॅशियावर येतो. २००३ सालच्याच दुसऱ्या एका अभ्यासात, घोटा काटकोनापलीकडे वर न वाकणं हा वजनापेक्षाही मोठा धोका ठरला. घरच्या घरी एक ढोबळ खूण पाहता येते: उकिडवं बसल्यावर टाचा जमिनीला टेकतात का? आपल्या आज्यांच्या सहज टेकायच्या. खुर्ची, सोफा आणि कमोडच्या सवयीत आपल्यापैकी अनेकांच्या त्या टेकेनाशा झाल्या आहेत.

तरीही प्रत्येक टाचदुखी फॅशियाची नसते, आणि इथे अंगठ्याने जागा शोधणं फार कामाचं आहे. दुखणं टाचेच्या अगदी मधोमध असेल, अनवाणी चालताना खडा टोचल्यासारखं वाटत असेल आणि चालल्यावर कमी न होता वाढत असेल, तर टाचेखालची चरबीची गादी पातळ झालेली असू शकते. ही गादी मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांत भरलेली असते आणि वयानुसार तिची लवचीकता कमी होते. दुखणं टाचेच्या मागे, चपलेचा पट्टा किंवा बुटाची कड लागते तिथे असेल, तर तो पोटरीच्या कंडऱ्याचा किंवा त्याच्याजवळच्या द्रवपिशवीचा त्रास. जळजळ, मुंग्या, बधिरपणा, रात्री पडल्या पडल्या दुखणं ही मज्जातंतूची भाषा आहे. तंतू घोट्याशी दबलेला असू शकतो किंवा थेट कमरेत. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली की कळ येते आणि अलीकडे चालणं-पळणं एकदम वाढलं आहे, अशा वेळी हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी.

आठ ते चौदा वर्षांचं मूल मैदानावरून लंगडत आलं तर त्याला "नाटकं करू नकोस" म्हणू नका. या वयात टाचेच्या हाडाची वाढीची पट्टी अजून जुळायची असते आणि धावण्या-उड्यांनी ती दुखावते. अमेरिकी डॉक्टर सेव्हर यांनी १९१२ साली याचं वर्णन केलं. थोडी विश्रांती घेतली, खेळ बेताने खेळला की ते बरं होतं, आणि हाड जुळल्यावर कायमचं जातं. विशी-तिशीतल्या तरुणाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सोबत सकाळी अर्धा तासाहून जास्त कंबर आखडत असेल, तर तो मणक्याचा संधिवात असू शकतो; संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये. तो आजार वर्षानुवर्षं 'साधी टाचदुखी' म्हणून अंगावर काढला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. मार लागल्यावर पाय टेकवेनासा झाला, टाच लाल-गरम झाली, ताप आला, किंवा मधुमेहाच्या पायावर जखम वा भेग दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

फॅशियाच्या दुखण्यावरचे चांगले उपाय साधे आहेत, पण चिवटपणा मागतात. पहिला उपाय पलंगावरच करायचा, पाय जमिनीला लावण्याआधी. पाय मांडीवर घेऊन बोटं मागे ओढायची, दहा आकडे धरायची, सोडायची. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. फॅशिया ताठ झालाय हे दुसऱ्या हाताने चाचपत राहायचं. सोबत भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणायची.

दुसरा उपाय ऐकून आई दचकलीच होती, कारण त्यात दुखऱ्या पायावर भार द्यायचा असतो. जिन्याच्या पायरीवर टॉवेलची गुंडाळी ठेवायची, त्यावर बोटं वर वाकतील असा चवडा टेकवायचा, कठडा धरायचा. तीन आकड्यांत टाच वर, दोन आकडे थांबायचं, तीन आकड्यांत सावकाश खाली. एक दिवसाआड. टॉवेलामुळे तोच रहाट फिरतो आणि दोरीला बेताची ओढ मिळते. डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, असा व्यायाम करणारे तीन महिन्यांनी नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा बरे होते. वर्षाने दोन्ही गट सारखेच झाले. आम्ही आधी दोन्ही पायांवर सुरू केलं, कारण एका पायावर तिला झेपणारं नव्हतं.

तिसरी गोष्ट आपल्या घरच्या रीतीची. चप्पल उंबऱ्याबाहेर सोडून दिवसभर फरशीवर अनवाणी वावरणं दुखऱ्या टाचेला सोसत नाही. घरात वापरायची, टाचेला मऊ आणि कमानीला थोडा आधार देणारी वेगळी सपाता घ्यावी. आईला हे पटायला वेळ लागला, स्वयंपाकघरात चप्पल तिला चालत नव्हती. शेवटी नवी, कधीच बाहेर न नेलेली सपाता आणली तेव्हा ती तयार झाली.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान आराम पडतो. पण वारंवार घेतलं तर चरबीची गादी विरघळायची आणि फॅशिया तुटायची भीती असते, त्यामुळे ते डॉक्टरांशी नीट बोलूनच घ्यावं. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते. दहातले आठ-नऊ जण शस्त्रक्रियेविना वर्षभरात बरे होतात. वर्ष हा शब्द जड वाटतो, तरी तो आधीच सांगितलेला बरा. तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून व्यायाम सोडून दिलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत.

आईला पहिला फरक सहाव्या आठवड्यात जाणवला. भिंतीचा हात सुटला. पाचव्या महिन्यात ती पुन्हा सकाळी देवळापर्यंत चालत जाऊ लागली. परवा तिने विचारलं, "मग आता ते हाड गेलं असेल ना रे?" गेलं नसणार. आत्ता एक्स-रे काढला तर ते टोक तिथेच, तेवढंच दिसेल. मी तसं सांगितलं. तिने क्षणभर टाचेकडे पाहिलं आणि टॉवेलाची गुंडाळी घेऊन जिन्याकडे गेली.