रडारला डाग दिसतो, पण तो किती उंचावर?

मोबाईलवर रडारचा फोटो उघडला, पंढरपूरवर लाल-पिवळा डाग दिसला की लगेच ग्रुपवर मेसेज पडतो, "पंढरपुरात लई जोरात चालूय". तिकडं फोन लावावा तर रस्ता कोरडाठाक! शिव्या रडारला. पण हवामान खात्याचा 'मॅक्स झेड' नावाचा फोटो असतो ना, त्यात त्या जागेवर वर-खाली कुठंही जो सगळ्यात जोरदार सिग्नल मिळाला तोच दाखवतात, मग तो सहा किमी उंचीवरचा का असेना. फोटोच्या वरच्या आणि उजव्या कडेला ज्या पट्ट्या असतात त्यात उंची दिलेली असते, त्या कोणी बघतच नाही.

रडारला जागा सांगायला तीन गोष्टी लागतात: अंतर, दिशा आणि डिश किती अंश वर केलीय तो कोन. अंतर सगळ्यात सोपं. रेडिओ लहरींची एक पल्स, म्हणजे छोटासा झटका, सोडायची आणि ती थेंबांवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. समजा रडार सोलापुरात आहे, तर पंढरपूर सरळ रेषेत साधारण ६० किमी, जवळपास बरोबर पश्चिमेला, तिथला सिग्नल ०.४ मिलिसेकंदात जाऊन परत हजर. मोजण्यात एका मायक्रोसेकंदाची गडबड झाली तरी फरक १५० मीटरचाच. दिशा तर डिशचं तोंड कुठं होतं त्यावरनं कळते.

घोळ होतो उंचीत. डिश ५ अंश वर असताना ६० किमीवर ढग लागला तर ६० गुणिले साइन ५, म्हणजे ५.२ किमी, दहावीची त्रिकोणमिती. त्यात पृथ्वी गोल, लहरीही हवेत जरा खाली वाकतात, तो हिशोब धरून अजून २०० मीटर वाढवायचे. एवढ्यावर भागलं असतं, पण रडारचा बीम, म्हणजे लहरींचा झोत, बॅटरीच्या उजेडासारखा पसरत जातो, १ अंशाचा बीम पंढरपूरपर्यंत जाईतोवर एक किमी जाड आणि २०० किमीवर साडेतीन किमी, आणि त्या जाडीत थेंब नेमके वर आहेत का खाली ते रडारला कळत नाही. २०० किमीवर तर अर्ध्या अंशाचा बीमसुद्धा जमिनीपासून ४ किमी वर गेलेला असतो. खाली हवा कोरडी असली की थेंब वाटेतच वाळून जातात, आणि आपला भाग पर्जन्यछायेतला.

२०१८ आणि २०१९ ला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं सोलापूर भागात विमानातून ढगांवर कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, तेव्हा इथं सी-बँड (रेडिओ लहरींचा एक पट्टा) रडार लावलेलं. कुठला ढग वर चढतोय आणि कुठला बसत चाललाय हे कळायला उंची लागतेच, म्हणून डिश एका कोनावर गोल फिरवायची, मग थोडी वर करून परत गोल, असे थर रचत काही मिनिटांत आख्खं आभाळ मोजायचं.

विमानांच्या बाबतीत एवढा वेळ कुणाकडं असतो? म्हणून विमानतळावरच्या नेहमीच्या रडारनं उंची मोजायचा नादच सोडलाय, ते सरळ विमानालाच विचारतं आणि विमानातला ट्रान्सपॉन्डर (रडारनं विचारलं की आपोआप उत्तर देणारं यंत्र) हवेच्या दाबावरनं काढलेली उंची १०० नाहीतर २५ फुटांच्या टप्प्यात कळवून टाकतो.